बास कम्युनियन: यात नेमकं ऐकायचं काय आणि सुरुवात कुठून करू?

सिंहगडरोडवाला

नमस्कार मंडळी. २०१६ ला पुण्यात वीकेंडर फेस्टिव्हलला ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन लाइव्ह ऐकला आणि तेव्हापासून मी या माणसाच्या मागेच लागलोय. त्याचा रॉक बँड पॉर्क्युपाइन ट्री जवळपास पाठ आहे, सोलो अल्बम झाले, ब्लॅकफील्ड, नो-मॅन हे त्याचे दुसरे बँड झाले, आता राहिलं होतं ते बास कम्युनियन. हा त्याचा वेगळा इन्स्ट्रुमेंटल प्रोजेक्ट, गाणं नाही, ठेका फारसा नाही, शब्द तर नाहीतच. मागच्या आठवड्यात ऑफिसहून येताना हिंजवडीच्या बसमध्ये 'घोस्ट्स ऑन मॅग्नेटिक टेप' लावला. वाकड गेलं, बाणेर गेलं, तरी मला वाटत होतं की अजून सुरूच व्हायचंय, मधेच खरखर, मधेच लांब कुठेतरी पियानोसारखं काहीतरी, परत घुमणं. युनिव्हर्सिटी चौकात बंद केला.

पण सोडून द्यायचं नाहीये मला. ज्याच्या कानावर माझा एवढा विश्वास आहे तो माणूस १९९८ पासून या नावाने रेकॉर्ड काढतोय, २०२४ मध्ये पण एक काढली, म्हणजे त्याला त्यात काहीतरी सापडलंय ना? ज्यांनी हे खरंच मनापासून ऐकलंय त्यांनी सांगा, कुठून सुरू करू आणि कसं ऐकू?

टेपवाला

बसमध्ये ऐकलंस तिथेच घोळ झाला बघ. याचा अर्धा जीव खालच्या आवाजात आहे आणि बसच्या इंजिनाची घरघर नेमकी त्याच पट्ट्यात असते, ती सगळं खाऊन टाकते. वर उरते ती खरखर.

आता सुरुवातीचं. मी तुला सरळ १९९८ चा पहिलाच अल्बम ऐक म्हणेन. त्यात थिओ ट्रॅव्हिसचा सॅक्सोफोन आहे आणि एका तुकड्यात किंग क्रिमसन बँडच्या रॉबर्ट फ्रिपची गिटार आहे, पण गंमत अशी की सॅक्सोफोन आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण तो वाजवलेला सूर घेऊन इतका ताणलाय आणि एकावर एक इतके थर चढवलेत की फुंकर कुठे संपते आणि पुढची कुठे लागते ते सापडतच नाही. ही मला या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. लोक सिंथेसायझर समजतात, पण मूळ आवाज बहुतेक वेळा खऱ्या वाद्याचाच असतो, कुणीतरी हाताने किंवा श्वासाने काढलेला. २००८ चा 'पॅसिफिक कोडेक्स' घे, त्यात गाँग आणि धातूची शिल्पं वाजवलीत. एक टोला आणि मग त्याचं विरत जाणं, बस. आपण देवळात घंटा वाजवून पुढे निघून जातो, इथे थांबून ती पूर्ण संपेपर्यंत ऐकायची.

आणि हे त्याने बँडचा कंटाळा आला म्हणून केलेलं नाही. त्याचे वडील इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर, त्यांनी पोराला घरीच मल्टीट्रॅक टेप मशीन बनवून दिलं होतं, म्हणजे गाणी लिहायला लागायच्या वयातच हा टेपशी खेळत होता. माझ्या मते तरी हाच त्याचा मूळ धंदा आणि बँड नंतरचा.

'घोस्ट्स' मात्र पहिल्यांदा नको. तो शेवटी ठेव.

षड्ज_पंचम

हा विषय इथे निघाला याचा खूप आनंद झाला. मी गाणं शिकते, अकरा वर्षं झाली, आणि बास कम्युनियन मला माझ्या भावाने ऐकवलं, "तुझ्या तानपुऱ्यासारखंच आहे" असं म्हणून. सगळे असंच म्हणतात आणि मला ते पटत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

तानपुरा लागतो तेव्हा आमच्या बाई जीवाचा दोरा, म्हणजे तारेखालचा बारीक धागा, घोडीवर केसाएवढा पुढे-मागे सरकवतात. त्या केसाएवढ्या फरकाने जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकार, उघडते आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो असतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि बाईंनी मला गाऊच दिलं नव्हतं, अर्धा तास नुसतं ऐकत बस म्हणाल्या होत्या. तर या सवयीचा उपयोग नक्की होतो. सिंहगडरोडवाला, तुम्ही "सुरू कधी होणार" याची वाट बघत होतात, ती सोडून एकाच आवाजाच्या आत काय काय हलतंय ते बघा, लगेच वेगळं वाटेल.

पण फरक मोठा आहे. तानपुरा कुणाची तरी वाट बघत असतो. तो गळ्यासाठी जागा धरून ठेवतो, आणि गाणारा आला की मागे होतो. सवाईला दोन कलाकारांच्या मधे स्टेजवर नुसते तानपुरे जुळवत असतात, खाली लोक चहाला उठलेले असतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की गाणं अजून यायचंय. बास कम्युनियनमध्ये कुणी येतच नाही. २००६ चा 'लॉस' मी रात्री दिवा मालवून ऐकला, दोनच भाग आहेत, आणि पहिला संपत आला तेव्हा मला अचानक जाणवलं की ही जागा कुणासाठी राखलेली नाहीये, ती रिकामीच आहे आणि रिकामी असणं हेच सांगायचंय. मला रडू आलं, खरं सांगते. तेव्हा माझे आजोबा जाऊन दोन महिने झाले होते.

कर्वेनगर_साउंड

फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. एवढासा स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही देतच नाही, म्हणजे २०११ च्या 'सेनोटाफ'मधला तो खालचा ठोका तुला ऐकूच येणार नाही. कानावर पूर्ण बसणारे हेडफोन घे, आवाज मध्यम ठेव. मोठा केलास की नुसतं दडपण येतं.

लाखेची_तबकडी

टेपवाल्याच्या एका गोष्टीशी असहमत. 'घोस्ट्स' शेवटी का? २००४ चा अल्बम आहे, यातला बराचसा आवाज जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांवरून घेतलाय, आणि ज्याच्या घरी तबकड्या होत्या त्याला हाच सगळ्यात जवळचा वाटणार. मी दर रविवारी जुन्या बाजारात जातो, नाट्यगीतांच्या तबकड्या शोधायला. जाड, जड, लाखेच्या, पडली की कपासारखी फुटते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. घरी आणून साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसतो, लेबल भिजू न देता, आणि मग लावतो.

हा अल्बम ऐकल्यावर मी एक केलं. तबकडी ७८ ऐवजी ३३ च्या वेगाला लावली. तीन मिनिटांचं पद सात मिनिटांचं होतं, पट्टी सप्तकाहून जास्त खाली जाते, ऑर्गनचा नुसता श्वास उरतो आणि खरखरीचा प्रत्येक कण वेगळा होऊन पावसाच्या थेंबासारखा टप टप पडतो. बाईचा आवाज बाईचा राहत नाही, माणसाचाच राहत नाही. विल्सनने हेच केलं असं मी म्हणत नाही, पण जुन्या तबकडीत गाण्याच्या मागे केवढं काय दडलंय ते मला त्या रात्री कळलं.

आणि नावातल्या भुतांबद्दल. कॉन्स्टँटिन राउडिव्ह म्हणून एक लाटव्हियन माणूस होता, त्याचा दावा असा की टेपवर नुसती शांतता किंवा रेडिओची खरखर रेकॉर्ड केली तर त्यात मेलेल्यांचे आवाज सापडतात. अल्बमची कल्पना तिथून आली. षड्ज_पंचम ताई, तुमचा गंधार आणि हे आवाज, दोन्ही कुणी न वाजवता ऐकू येतात, पण गंधार तारेत खरोखर असतो, खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर आहे तो, मोजता येतो. राउडिव्हचे आवाज ऐकणाऱ्याच्या मनातून येतात, असं मला वाटतं. खरखरीत मन ओळखीचं काहीतरी शोधतंच. मी आईच्या आवडीचं एक पद लावतो तेव्हा सुरुवातीच्या खरखरीत दर वेळी मला आमच्या जुन्या वाड्याच्या दाराची कडी वाजल्यासारखी वाटते. ती तबकडीत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी वाजते.

सिंहगडरोडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून 'लॉस' ऐकला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिली दहा मिनिटं परत तेच, वाट बघणं. मग ताईंचं वाक्य आठवलं आणि एकच आवाज धरून बसलो, तर त्याच्या आत हळूहळू काहीतरी उघडझाप करत होतं, आधी मला तो सपाट वाटला होता तोच आवाज. संपला तेव्हा खाली रस्त्यावर एक रिक्षा गेली, ती वळून लांब जाईपर्यंत पूर्ण ऐकली मी, असं कधी ऐकलं नव्हतं.

तबकडी काका, आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावर एक पेटी आहे, आजोबांच्या तबकड्या, तीस वर्षं कुणी उघडलेली नाही. दिवाळीला जाणार आहे. चारचाकीतून आणताना उभ्या ठेवायच्या की आडव्या? आणि तुमच्याकडे येऊन एकदा ३३ ला लावून ऐकता येतील का?

लाखेची_तबकडी

उभ्या, मधे जाड पुठ्ठा घालून, आणि गाडी उन्हात लावू नकोस, वाकतात. ये की, केव्हाही ये. आधी ७८ ला ऐकू मात्र. आजोबांनी जशी ऐकली तशी.