आजची अमेरिका १८६० सारखी नाही, १८७६ सारखी आहे

औदुंबर (धागाकर्ते):
अमेरिकेत काही खुट्ट झालं की 'आता दुसरं यादवी युद्ध' अशी आवई उठते आणि तुलना थेट १८६० शी होते. ही तुलना मुळातच चुकते. १८६० मध्ये लिंकन जिंकले की नाही याबद्दल कुणालाच शंका नव्हती. दक्षिणेला तो निकाल नको होता, म्हणून राज्यं फुटून निघाली. आजचं भांडण निकाल काय लागला आणि तो ठरवायचा कुणी, याचं आहे. हे भांडण १८७६ चं.

त्या वर्षी डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डन यांना रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच लाख मतं जास्त पडली. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टरांच्या, मतांवर. ही इलेक्टोरल मतं एकूण ३६९, बहुमताला १८५ हवीत. टिल्डन १८४ वर अडकले, हेज १६५ वर, आणि २० मतं वादात: लुइझियाना ८, साउथ कॅरोलायना ७, फ्लोरिडा ४, ओरेगन १. या राज्यांमधून एकाहून जास्त निकालपत्रं वॉशिंग्टनला पोचली. घटनेची १२ वी दुरुस्ती एवढंच सांगते की सिनेटचा अध्यक्ष (एरवी देशाचा उपाध्यक्षच) दोन्ही सभागृहांसमोर राज्यांच्या निकालपत्रांची पाकिटं उघडेल आणि मग मतं मोजली जातील. एकाच राज्याची दोन पाकिटं आली तर खरं कुठलं, हे ठरवायचं कुणी? त्यावर घटनेत चकार शब्द नाही. त्यात सिनेट रिपब्लिकनांकडे आणि प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे.

२०२० मध्ये हीच फट हेरली गेली. बायडन जिंकलेल्या सात राज्यांत ट्रम्प यांच्या बाजूच्या 'पर्यायी' इलेक्टरांचे कागद तयार झाले आणि उपाध्यक्ष पेन्स यांनी मूळ पाकिटं बाजूला सारावीत म्हणून त्यांच्यावर दबाव आला. 'मोजण्याचा अधिकार सिनेटच्या अध्यक्षाचाच' हा दावा काही रिपब्लिकनांनी १८७६-७७ च्या हिवाळ्यातही केला होता.

स्पष्टवक्ती:
सपशेल असहमत. १८७६ मध्ये दोन निकालपत्रांमागे खरोखर दोन सत्ता उभ्या होत्या. लुइझियानात पॅकर्ड आणि निकोल्स, साउथ कॅरोलायनात चेंबरलेन आणि हॅम्प्टन, असे प्रत्येकी दोन गव्हर्नर एकाच वेळी गादीवर दावा सांगत होते. घोटाळेही खरे होते, आणि दोन्हीकडून. जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियाच्या (स्थानिक सशस्त्र दलाच्या) माणसांची हत्या झाली. तिथल्याच एजफिल्ड काउंटीत (जिल्ह्यात) पात्र मतदारांपेक्षा जास्त मतं पडली. उलट लुइझियानात रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या रिटर्निंग बोर्डाने (मतं तपासून निकाल जाहीर करणाऱ्या मंडळाने) टिल्डन यांची हजारो मतं बाद केली.

२०२० मध्ये यातलं काय होतं? पर्यायी कागदांवर एकाही गव्हर्नरची सही नाही, एकाही विधिमंडळाचा ठराव नाही. ॲरिझोनाचे डुसी आणि जॉर्जियाचे केम्प हे दोघे रिपब्लिकन गव्हर्नर, आणि दोघांनीही बायडन यांच्याच इलेक्टरांना प्रमाणपत्र दिलं. जॉर्जियात हाताने फेरमोजणी झाली, तरी बायडन पुढेच राहिले. अधिकृत फरक ११,७७९ मतांचा. न्यायालयांत साठाहून अधिक दावे झाले, निकाल कुठेच फिरला नाही.

आणि ही तुलना निरुपद्रवी नाही. २ जानेवारी २०२१ ला रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ आणि त्यांच्या सहकारी सिनेटरांनी नेमका १८७७ चाच दाखला देऊन आयोग नेमा, दहा दिवसांत तपासणी करा अशी मागणी केली होती. खऱ्या तंट्याचा मान बनावट तंट्याला मिळवून द्यायचा, एवढंच त्यातून साधत होतं.

औदुंबर:
क्रूझ यांचा दाखला उलट माझ्याच बाजूने जातो. १८७७ चा आयोग कसा कोसळला हे माहीत असलेला माणूस तो पुन्हा मागणार नाही.

वादातल्या मतांचा निवाडा करायला काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) नेमलेल्या या आयोगात १५ सदस्य: प्रतिनिधीगृहाचे ५, सिनेटचे ५, सर्वोच्च न्यायालयाचे ५. हिशेब असा की ७ डेमोक्रॅट, ७ रिपब्लिकन आणि काटा धरायला न्या. डेव्हिड डेव्हिस, जे कुठल्याच पक्षाचे मानले जात नव्हते. नेमक्या त्याच सुमारास इलिनॉयच्या विधिमंडळाने डेमोक्रॅटांच्या मतांवर डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिलं. त्यांनी आयोगावर बसायला नकार दिला, जागा रिपब्लिकन न्या. ब्रॅडली यांना मिळाली, आणि वादातल्या प्रत्येक राज्याचा मुख्य प्रश्न ८ विरुद्ध ७ असाच सुटला. २ मार्च १८७७ च्या पहाटे निकाल: हेज १८५, टिल्डन १८४. शपथविधी तोंडावर आलेला.

ओरेगनचं एक मत बघा. हेज तिथे निर्विवाद जिंकले होते. पण त्यांचे एक इलेक्टर, वॉट्स, पोस्टमास्तर होते, आणि केंद्राचं लाभाचं पद असलेल्याला इलेक्टर होता येत नाही. डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रोव्हर यांनी वॉट्स यांना अपात्र ठरवून त्या जागी हरलेल्या डेमोक्रॅटाला प्रमाणपत्र दिलं. वॉट्स यांनी दोन्ही पदं सोडली आणि उरलेल्या दोन इलेक्टरांनी रिकामी जागा म्हणून पुन्हा त्यांनाच नेमलं. तांत्रिक त्रुटी शोधायची, ती आपल्या माणसाकरवी वापरायची आणि जनमत बाजूला ठेवायचं. हा डाव २०२० च्या बराच आधीचा आहे.

कलम_बारा:
फट बुजवायला काँग्रेसला दहा वर्षं लागली. १८८७ चा मोजणी कायदा आला तोही इतका किचकट, की त्यातल्या पळवाटा २०२१ मध्ये उघड्या पडल्या. एक प्रतिनिधी आणि एक सिनेटर यांची लेखी हरकत पुरेशी होती. ती आली की दोन्ही सभागृहांनी वेगळं बसून चर्चा करायची. ६ जानेवारी २०२१ ला, मोजणीच्या दिवशी, पेन्सिल्व्हेनियावरच्या हरकतीला प्रतिनिधीगृहात १३८ आणि सिनेटमध्ये ७ मतं मिळाली, तीही ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसून गेल्यानंतर.

डिसेंबर २०२२ च्या सुधारणेनंतर हरकतीला दोन्ही सभागृहांतल्या एक-पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात, म्हणजे पूर्ण संख्या धरली तर प्रतिनिधीगृहात ८७ आणि सिनेटमध्ये २०. कारणं दोनच चालतात: इलेक्टरांची नेमणूक कायद्याप्रमाणे प्रमाणित नाही, किंवा इलेक्टरने दिलेलं मतच नियमाबाहेर आहे. उपाध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक. इलेक्टर भेटण्याच्या किमान सहा दिवस आधी गव्हर्नरने, किंवा राज्याने कायद्याने आधीच ठरवलेल्या अधिकाऱ्याने, प्रमाणपत्र द्यायचं. त्यावर उमेदवाराचा तंटा असेल तर तीन न्यायाधीशांचं पीठ आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालय.

म्हणजे वॉट्सचा डाव आज ग्रोव्हर खेळले, तर तो काँग्रेसपर्यंत पोचण्याआधी न्यायालयात अडेल. तेवढ्यापुरती तरी तुलना जुनी झाली.

सातपुडा:
तुम्ही तिघेही मोजणीच्या टेबलाशी बसला आहात. १८७६ चा खरा धडा टेबलावरून उठल्यानंतरचा आहे.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या झगड्यासाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ग्रंथ अर्पण केला. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी लुइझियानातल्या कोलफॅक्समध्ये गोऱ्या टोळीने डझनावारी कृष्णवर्णीयांना ठार मारलं, अनेकांना शरण आल्यावर. १८७६ मध्ये त्याच हत्याकांडाच्या क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषींच्या शिक्षा रद्द केल्या: समान संरक्षण देणारी १४ वी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसाला नाही. एप्रिल १८७७ मध्ये हेज यांनी कोलंबिया (साउथ कॅरोलायनाची राजधानी) आणि लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सच्या राज्यसभागृहांवरचे केंद्राचे सैनिक हलवले. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. २० जानेवारी २०२५ ला ६ जानेवारीच्या सुमारे १५०० आरोपींना माफी मिळाली. राजकीय हिंसेची शिक्षा पुसली की ती पुढच्यांना परवडते, हे दक्षिणेने तेव्हा दाखवून दिलेलं आहे.

स्पष्टवक्ती:
माफीबद्दल सहमत, पण १८७७ च्या 'सौद्या'वर (हेज यांना मान्यता, बदल्यात दक्षिणेतून सैनिक मागे) इतकं ओझं टाकू नका. तोवर दक्षिणेतली बहुतेक राज्यं डेमोक्रॅटांनी आधीच परत घेतली होती आणि उरलेले सैनिक मूठभर होते. मतदार घटले ते मुख्यतः १८९० नंतर: मतकर, साक्षरता चाचणी, आणि लुइझियानात १८९८ ची नवी राज्यघटना. सौदा आणि ही नाकेबंदी यांच्यात वीसेक वर्षांचं अंतर आहे, आणि त्या काळातही कृष्णवर्णीय लढत होते, मतदान करत होते. सगळं एका रात्रीत विकलं गेलं म्हणणं त्यांच्यावरच अन्याय करणारं आहे.

सातपुडा:
अंतर मान्य. पण त्या वीस वर्षांत केंद्राने हात आखडला, म्हणूनच राज्यांना ते कायदे करायची हिंमत झाली. १८७० च्या अंमलबजावणी कायद्यातून आलेलं 'हक्कांविरुद्धचा कट' हे कलम तेव्हा निष्प्रभ झालं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या आरोपपत्रात तेच चौथं कलम होतं. ट्रम्प २०२४ ची निवडणूक जिंकल्यावर तो खटला निकालाविना मागे घेतला गेला. कायदा पुस्तकात असणं आणि चालवला जाणं यातलं अंतर दोन्ही काळांत सारखंच.

कलम_बारा:
या वादात सुटलेली जागा खालची आहे: काउंटी. २०२२ ची सुधारणा राज्याच्या प्रमाणपत्रापासून सुरू होते. त्याआधी काउंटी मंडळाने निकालावर सही करायची असते. जून २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो काउंटीने प्राथमिक निवडणुकीचा निकाल मान्य करायला नकार दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, मग २ विरुद्ध १ मतांनी सही झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर ॲरिझोनाच्या कोचीस काउंटीतही न्यायालयालाच भाग पाडावं लागलं. लुइझियानाचं रिटर्निंग बोर्ड आज कुठे बसतं असं विचाराल तर तिथे.

६ जानेवारी २०२५ ला हरलेल्या, तेव्हा उपाध्यक्ष असलेल्या कमला हॅरिस यांनीच मोजणी चालवली, ३१२ विरुद्ध २२६, एकही हरकत नाही. हरलेल्याने पराभव मानला होता, म्हणून नवा कायदा ताणला गेलाच नाही. आठ-दहा काउंट्यांनी एकदम सही अडवली आणि ती सहा दिवस आधीची मुदत निघून गेली, तर काय होतं, हे त्या दिवशी कळलेलं नाही.