पॅनकेक फुगत का नाहीत? आणि हे मूळचे कुठले?

झोपाळू_रविवार: मिश्रण अगदी गुळगुळीत होईस्तोवर फेटते तरी पॅनकेक रबरासारखे होतात, काय करू? आणि लेक विचारतोय हे अमेरिकेतच सुरू झाले का.

तवा_तापलाय: अहो फेटताय म्हणूनच तर! जास्त फेटलं की मैद्यातलं ग्लुटेन (चिकट प्रथिन) ताणलं जातं आणि चिवटपणा येतो. १ कप मैदा, २ टीस्पून बेकिंग पावडर, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, पाऊण कप दूध, १ अंडं, २ चमचे वितळलेलं बटर, बस. कोरडं वेगळं, ओलं वेगळं, मग एकत्र करून जेमतेम ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू देत, १० मिनिटं झाकून ठेवा. मध्यम आच हवी. वर बुडबुडे येऊन फुटतात ना, ती भोकं बुजायची थांबली आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटायचं, एकदाच, आणि उलथन्याने दाबायचं तर अजिबात नाही, सगळी हवा जाते!!

जुनं_ते_सोनं: अमेरिका कसली, प्राचीन ग्रीसमध्ये इसवीसनापूर्वी ५व्या शतकातही गव्हाचं पीठ, ऑलिव्ह तेल नि मधाचे पॅनकेक होते. इंग्लंडमध्ये लेंटच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती) उपासाआधी घरातली अंडी-बटर संपवायला आदल्या मंगळवारी करतात, तोच पॅनकेक डे. पण ते पातळ हं. जाड फुगीर प्रकार बेकिंग पावडरमुळे फोफावला, ती आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४३ मध्ये बनवली, बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून.

झोपाळू_रविवार: अंडं नको असेल तर?

तवा_तापलाय: दुधाऐवजी ताक आणि अर्धा टीस्पून खायचा सोडा, बेकिंग पावडर मग १ टीस्पूनच. लगेच तव्यावर घाला मात्र.