यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल: अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी रेस अडकते

प्रश्न: बाबांची १९९२ ची गाडी. मूठ सोडली तरी रेस उतरत नाही, हँडल डावीकडे वळवलं की वाढतेच. कार्बोरेटर धुतलाय. काय बघू?

उत्तर १: वळवल्यावर वाढते म्हणजे केबलच ताणली जातेय. टाकी काढ, कुठे दुमडलीय बघ. आणि भावा, या गाडीत केबलचा एक फाटा ऑइल पंपाकडे, म्हणजे इंजिनाला वंगणाचं तेल पुरवणाऱ्या पंपाकडे जातो! तो सैल राहिला तर तेल कमी पडून पिस्टन जाम होईल. केबल किती ताणायची ते दाखवणारी पंपावरची खूण जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नकोस.

उत्तर २: मुठीतलं सुकलेलं ग्रीसही रॉकेलने धुवा.

प्रश्नकर्ता: टाकीखाली चिमटली होती. नवी केबल टाकली, खूण जुळवली. मूठ आता टक्कन मागे येते. मनापासून आभार, दादा.