मदत हवी आहे: जर्मन २१४ शंटिंग इंजिनाचं मॉडेल

नमस्कार मंडळी. जर्मन रेल्वेच्या व्ही १०० जातीच्या २१२ या डिझेल-हायड्रॉलिक (डिझेल इंजिनाची ताकद द्रवाद्वारे चाकांपर्यंत नेणाऱ्या) इंजिनांतली काही पुनर्बांधणी होऊन २१४ झाली. बॉनेट बुटकी केली, केबिन नवी बसवली, त्यामुळे शंटिंग करताना चालकाला दोन्हीकडचं नीट दिसतं. मला हे रूप फारच आवडलंय!

एचओमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात बनवतोय. २१२ची लांबी १२.३ मीटर, म्हणजे मॉडेलात सुमारे १४१ मिमी. चासी तयार २१२ मॉडेलची वापरेन. अडलंय ते बॉनेट आणि केबिनच्या मापांवर. फोटोवरून काढलेली मापं जुळत नाहीत. कुणाकडे मोजमापासह आराखडा आहे का? शिवाय पुण्यात, शक्यतो कोथरूड-कर्वेनगरकडे, बारीक रेझिन थ्रीडी प्रिंट करून देणारं कुणी माहितीचं असेल तर कृपया सांगा. जाळीच्या रेघा स्पष्ट यायला हव्यात.