मदत हवी आहे: आईबाबा, दोहाचा लाउंज आणि व्हीलचेअर

नमस्कार मंडळी. आईबाबा दिवाळीनंतर ताईकडे शिकागोला निघालेत. आईचे गुडघे कुरकुरतात म्हणून यंदा कतार एअरवेजचं बिझनेस क्लास काढलं. (बाबा अजून तिकिटाच्या आकड्यातून सावरलेले नाहीत.) घोडबंदर रोडचा भरवसा नाही, त्यामुळे पहाटेच्या विमानासाठी रात्री दहालाच मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला सोडणार.

दोहात साडेचार तास थांबा आहे. तिथल्या विमानतळावरच्या त्या मोठ्या पिवळ्या अस्वलाच्या पुतळ्याजवळचा अल मुर्जान लाउंज (कतारचा बिझनेस क्लासवाल्यांसाठीचा) वरच्या मजल्यावर आहे. आईसाठी व्हीलचेअर सांगितलीय, पण ढकलणारा माणूस लाउंजपर्यंत सोडतो का? की थेट गेटवर नेऊन बसवतो? आणि गेटची वेळ झाली की परत न्यायला येतो, की आपणच काउंटरवर सांगायचं? दोघांचं इंग्रजी बेताचंच, खरी धास्ती तीच.

बिझनेस लाइट या स्वस्तातल्या बिझनेस भाड्यात लाउंज नसतो, त्यामुळे तो आपल्या तिकिटात आहे ना, हे तपासलंय. जेवण एशियन व्हेजिटेरियन नोंदवलंय, पण निघायच्या दिवशी नेमकी एकादशी! लाउंजमध्ये फळं-दही सोडून आईला चालेलसं काही मिळतं का?

नुकतंच कुणी आईवडिलांना असं पाठवलं असेल तर प्लीज सांगा.