वाळूच्या गाळणीतल्या बायोफिल्मने मायक्रोसिस्टिन निघेल का?

तलावकाठ: आमच्या केंद्रात तलावाचं पाणी तुरटी, निवळणी टाकी, जलद वाळू गाळणी आणि शेवटी क्लोरिन या क्रमाने जातं. पाणी आत येतानाच पूर्व-क्लोरिन देतो आणि बॅकवॉशही (उलट्या प्रवाहाने गाळणी धुणं) क्लोरिनच्या पाण्यानेच होतो. वाळू ७५ सेंमी, वेग तासाला ५ मीटर. पाऊस लागण्याआधी तलावावर मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचा हिरवा तवंग येतो. वाळूवर थर (बायोफिल्म) करून वाढणारे जीवाणू त्याचं विष, म्हणजे मायक्रोसिस्टिन, खातात असं वाचलं. असे जीवाणू आणून गाळणीत सोडावेत का? आधी छोटा प्रयोग करायचा तर कसा?

गाळणीवाला: जीवाणू आणण्याआधी पूर्व-क्लोरिन थांबवा. ताज्या तवंगात बहुतेक मायक्रोसिस्टिन पेशींच्या आत असतं. क्लोरिनने पेशी फुटतात, विष पाण्यात विरघळतं आणि मग तुरटी त्याचं काहीच करू शकत नाही. अखंड पेशी मात्र तुरटीने छान बसतात. तो गाळ निवळणी टाकीत साठू देऊ नका. दिवसा-दोन दिवसांत त्यातल्या पेशी मरून विष सोडू लागतात, म्हणून गाळावरचं पाणी पुन्हा केंद्राच्या तोंडाशी फिरवणं तवंगाच्या दिवसांत बंदच ठेवा.

आता बायोफिल्म. मायक्रोसिस्टिन हा वलयाकार रेणू आहे. स्फिंगोमोनास आणि त्याच्या जवळच्या काही जीवाणूंकडे एमएलआरए नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते हे वलय एका जागी तोडतं. नुसत्या या एका कापानेच मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराची विषारी ताकद सुमारे १६० पटींनी उतरते, पुढची विकरं उरलेल्या साखळीचे तुकडे करतात. ज्या तलावात तवंग वारंवार येतो तिथे असे जीवाणू बहुधा आधीच असतात. बाटलीतले परके जीवाणू वाळूवर टिकतीलच असं नाही, त्यामुळे तुमच्याच पाण्यातले जीवाणू वाळूवर बसू द्या. क्लोरिनच्या बॅकवॉशखाली ते कधीच बसणार नाहीत. बॅकवॉशसाठी गाळलेलं पण क्लोरिन न दिलेलं पाणी वेगळ्या टाकीत साठवा.

प्रयोगशाळा_खोली३: प्रयोगासाठी ५ सेंमी आतल्या व्यासाच्या काचेच्या दोन नळ्या घ्या, दोन्हींत तुमच्याच गाळणीतली वाळू ७५ सेंमी भरा. दुसऱ्या नळीची वाळू आधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा). तासाला ५ मीटर वेग हवा तर मिनिटाला साधारण १६४ मिली पाणी सोडावं लागेल, म्हणजे रिकाम्या नळीच्या हिशोबाने संपर्क जेमतेम ९ मिनिटं. पहिल्या नळीतून निवळलेलं, क्लोरिन नसलेलं पाणी काही आठवडे सतत वाहू द्या. दुसरी नळी चाचणीच्या दिवशीच जोडा, नाहीतर तिच्यातही जीवाणू घर करतात आणि तुलना निरर्थक होते.

विषासाठी तवंग तीनदा गोठवून वितळवा म्हणजे पेशी फुटतील, काचतंतूच्या कागदातून गाळा आणि पाण्यात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति लिटर होईल इतका मिसळा. हातमोजे घालाच. नमुने काचेच्या बाटल्यांत घ्या, कारण पॉलिप्रॉपिलीनला मायक्रोसिस्टिन चिकटतं. क्लोरिन असलेल्या नमुन्यात ते मारण्यासाठी लगेच थायोसल्फेट टाका. दोन्ही नळ्यांत सारखीच घट दिसली तर ती जीवाणूंची नाही, विष फक्त वाळूला चिकटलंय.

विष मोजायच्या एलायझा किटबद्दल (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) एक इशारा. नेहमीचं किट रेणूतला अड्डा हा भाग ओळखतं आणि वलय तुटल्यावरही तो भाग शिल्लक असतो. त्यामुळे काम होत असूनही आकडा चढा येऊ शकतो. महत्त्वाचे नमुने एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) तपासून घ्या.

तलावकाठ: ९ मिनिटं पुरतील का? आणि पहिला तवंग आला तेव्हा बायोफिल्म तयार नसेल तर?

गाळणीवाला: दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे. बरेच दिवस विष न दिसलेल्या बायोफिल्मला ते खायला लागायला काही दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त. एरी सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असं सांगावं लागलं होतं. उकळल्याने मायक्रोसिस्टिन जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. अशा वेळी बायोफिल्म जागी होईपर्यंत थांबता येत नाही.

म्हणून तवंगाच्या काळात लाकडापासून बनवलेली ॲक्टिव्हेटेड कार्बन पावडर हाताशी ठेवा, मात्रा जार टेस्टने (भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा ढवळून पाहण्याची चाचणी) ठरवा. ९ मिनिटं मला अपुरी वाटतात. जागा असेल तर वाळूच्या नंतर दाणेदार कार्बनची गाळणी घाला, संपर्क १० ते २० मिनिटं. सुरुवातीला कार्बन विष शोषतो, पुढे त्याच्यावरच बायोफिल्म जमते. मंद वाळू गाळणीत तासाला ०.१५ मीटर वेगाने ८० सेंमी वाळूत ५ तासांहून जास्त संपर्क मिळतो, पण जागा भरपूर लागते. शेवटचं क्लोरिन सोडू नका: पीएच ८ च्या खाली, ३० मिनिटांनंतरही निदान ०.५ मिग्रॅ प्रति लिटर शिल्लक. जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा आयुष्यभराच्या पिण्यासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम आणि थोड्या काळासाठी १२ आहे. आखणी १ धरूनच करा.

प्रयोगशाळा_खोली३: तवंग कुठल्या जातीचा आहे ते दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. डोलिकोस्पर्ममसारख्या दुसऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या जाती असतील तर सॅक्सिटॉक्सिन हे मज्जासंस्थेवरचं विषही तपासा. जैविक गाळणीत त्याचे सौम्य प्रकार जास्त विषारी प्रकारांत बदलल्याचं आढळलं आहे. तिथे या बायोफिल्मवर भरवसा ठेवू नका, कार्बनच वापरा.