‘पोत’ फक्त कापडालाच असतो का?

दांडियाबाजार: चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीचा निबंध मराठीत आणते आहे. विषय आहे कारागिरांची कामं आणि चित्रातलं टेक्श्चर. तिचं म्हणणं असं, की विणकर, सुतार आणि गवंडी हाताने जे ओळखतात तेच चित्रकार रंगाच्या थरातून दाखवतो. म्हणून चारही ठिकाणी शब्द एकच हवा. मी ‘पोत’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांनी कापड सोडून बाकी तिन्ही ठिकाणी काट मारली: लाकडाची ‘रेषा’, भिंतीचं ‘फिनिश’, चित्राचा ‘स्पर्श’. असे चार शब्द केले तर तिचा मुद्दाच उडतो. काय करावं?

रावपुरेकर: लाकडापुरती ती काट चुकीची आहे. लाकडाला रेषाही असते आणि पोतही. रेषा म्हणजे तंतूंची दिशा. उलट्या रेषेवर रंधा चालवला की पातं तंतूंच्या खाली शिरतं आणि कुसळं उपटून येतात. मग फळी फिरवून घ्यायची आणि पातं अगदी कमी काढायचं. पोत म्हणजे लाकडाची छिद्रं किती भरड किंवा बारीक आहेत ते. सागवान भरड, हळदू बारीक आणि एकसारखं. दोन्ही फळ्या सरळ रेषेच्या असल्या तरी पॉलिशला वेगळ्या वागतात. सागवान आरशासारखं हवं असेल तर छिद्रं आधी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरावी लागतात, नाहीतर पॉलिश आत बसतं आणि बारीक खड्डे दिसत राहतात. हळदूला त्याची फारशी गरज नाही. घासताना 120 नंबरचा सँडपेपर, मग 220, आणि रेषेच्याच दिशेने. आडवा घासलेला ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, पॉलिशचा पहिला हात बसला की उठून येतो.

मांडवीकर: गवंड्याच्या तोंडी ‘पोत’ नाही, हे मान्य. तो ‘रवाळ’, ‘साफ’, ‘घोटीव’ म्हणतो. पण जयपुरी पद्धतीच्या भिंतीचे थर बघा. चुना महिनोन्‌महिने पाण्याखाली मुरवतात, त्यात दही घालतात, वरचं पाणी बदलत राहतात. भिंत आधी भरपूर भिजवायची. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि थर सुटतो. खालच्या थरात एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग रेती किंवा सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी. हा थर मुद्दाम रवाळच सोडायचा. तो गुळगुळीत केला तर वरच्याला धरायला जागा राहत नाही, वाळल्यावर पापुद्रा निघतो. त्यावर चुना आणि संगमरवराची भुकटी यांचा बारीक थर. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा, लहान थापीने हळूहळू ठोकून आत बसवायचा आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटायचं. थर सुकल्यावर लावलेला रंग बोटाला लागतो. आणि थापी जास्त फिरवली की चुना वर येतो, केसासारख्या भेगा पडतात.

म्हणजे एकाच भिंतीत रवाळ, बारीक आणि घोटीव असे तीन पोत आहेत, आणि वरचा खालच्याच्या जिवावर उभा आहे. ‘फिनिश’मध्ये फक्त शेवटचा येतो. निबंधात ‘पोत’च ठेवा.

सुरसागर: माझा विरोध आहे. ‘पोत’ हा विणीचा शब्द आहे. ‘ओतप्रोत’मधला ओत आणि प्रोत म्हणजे ताणा आणि बाणा, प्रोतचा ‘पोत’ झाला. गीतेत ‘सूत्रे मणिगणा इव’ येतं तिथेही आधीचा शब्द ‘प्रोतं’च आहे, म्हणजे ओवलेलं. गळ्यातली काळी पोत त्याच घरची. इंचात किती ताणे, किती बाणे, सूत किती नंबरचं, यावर कापडाचा पोत ठरतो. भिंतीत ना ताणा ना बाणा. नवी गरज असेल तर नवा शब्द घडवावा. ‘पृष्ठगुण’ का नको?

रावपुरेकर: कारण ‘पृष्ठगुण’ हाताला लागत नाही. आणि लाकूड आत कापलं तरी पोत दिसतोच, तो पृष्ठाचा गुण नव्हे. शिवाय गळ्यातली पोत स्त्रीलिंगी, कापडाचा पोत पुल्लिंगी, गोंधळातला पेटता पोत तिसराच. सगळे एकाच आईचे असं धरून कसं चालेल?

फतेहगंज: गुजरातीत ‘पोत प्रकाश्युं’ म्हणतात, म्हणजे खरा स्वभाव उघडा पडला. म्हणजे आपल्या बडोद्यात तरी पोत कापडातून कधीच बाहेर पडला आहे, थेट माणसापर्यंत. आणि निबंधासाठी एक जवळचं उदाहरण: बडोद्याचे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन 1959 ते 1961 हातमाग मंडळात होते, आणि 1963 मध्ये त्यांनी लखनौच्या रवींद्रालयासाठी भाजक्या मातीचं मोठं भित्तिशिल्प केलं. विणकराचा शब्द मातीच्या कामाला लावायला संकोच का वाटावा? उलट बाजूने बडोद्याजवळच्या संखेड्याचं फर्निचर घ्या. कातलेल्या सागवानावर कथलाची नक्षी, ती अकीकाने घासून चमकवतात, वर लाखेचा थर. हाताला सगळं गुळगुळीत, डोळ्याला मात्र भरगच्च. तिथे तपासणाऱ्यांचा ‘स्पर्श’ साफ पडतो.

अलकापुरी: सगळे जमिनीला विसरले! ‘शेणखताने जमिनीचा पोत सुधारतो’ हे वाक्य प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. हा वापर कापडाइतकाच घट्ट रुजलेला आहे.

मांडवीकर: रुजलेला आहे, पण मृदाशास्त्रात चुकीचा. तिथे पोत म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं प्रमाण. 2 मिलिमीटरपर्यंतची वाळू, 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक ती चिकणमाती. शेणखत घालून वाळूची चिकणमाती होत नाही. सुधारते ती घडण: कण एकत्र येऊन ढेकळं भुसभुशीत होतात, पाणी मुरतं.

अलकापुरी: शास्त्राने शब्द शेतकऱ्याकडूनच घेतला आणि आता त्यालाच चूक ठरवता? त्याच्या ‘पोता’त कस, ओल, भुसभुशीतपणा सगळं एकत्र आहे. व्याख्या अरुंद केली ती शास्त्राने.

सुरसागर: हेच मी म्हणतो आहे. शब्द सैल सोडला की असं होतं. आज भिंत, उद्या शेत.

मांडवीकर: सैल नाही. गाळाच्या जमिनीत आणि गिलाव्यात प्रश्न एकच आहे: भरड किती, बारीक किती. नुसत्या बारकाचा गिलावा वाळताना तडकतो, काळी जमीनही उन्हाळ्यात भेगाळते. चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते.

दांडियाबाजार: लाकूड आणि भिंत यांचं पटलं, तिथे ‘पोत’ परत घालते. पण चित्राचा परिच्छेद राहिलाच. तिथे ती चाकूने जाड लावलेल्या तैलरंगाबद्दल लिहिते. ‘रंगाचा पोत’ म्हटलं तर वाचणारा रंगाची प्रत समजेल का?

अलकापुरी: ते नंतर बघू. मांडवीकर काका, काळ्या जमिनीत रेती घातली तर मग तुमच्या हिशेबाने पोत सुधारला म्हणायचं ना?